लेसीबाईंचं घर कुठलं

मेरिंबूल
शुक्रवार, १३ जून

डिम्फ्ना,

गुरुवार, १२ जून, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटं. ही वेळ लक्षात ठेव, कारण मी ठेवली आहे. या वेळी माझ्या फाटकासमोर एक काळी गाडी थांबली, तिच्या मागे आणखी दोन. मी एप्रन काढून, केस सारखे करून पायरीवर उभी होते. आत टेबलावर आईचा चांगला टी-सेट मांडलेला होता. पंतप्रधान आपल्या गावात येतात, पक्षाच्या शाखेच्या सचिवाच्या दारावरून जातात, तर पाच मिनिटं चहाला थांबतील असं मला वाटलं. यात काही वेडेपणा होता असं मला अजूनही वाटत नाही. शाखा मी एकतीस वर्षं चालवते आहे. कॉलिन प्राऊस साधा खासदार होता तेव्हा याच फाटकात मी त्याला छत्री दिली होती. ती त्यानं परत केलेली नाही.

गाडीची काच खाली झाली. पुढच्या सीटवरच्या चष्मेवाल्या बाईनं डोकं बाहेर काढलं.

"आजी, लेसीबाईंचं घर कुठलं?"

"कोणत्या लेसीबाई?" गावात एकच आहे, तरी मी विचारलं.

"त्या नव्या खासदार. अपक्ष."

मागच्या सीटवरून कॉलिननं माझ्याकडे बघून मान हलवली, जशी आपण कचऱ्याच्या गाडीवाल्याला हलवतो. त्याला मी ओळखू आले नाही. मी हात लांब करून दाखवलं, "शेवटचं घर. मोहरी रंगाचे पडदे." म्हणजे सरकार तुझ्या दारात मी आणून सोडलं, डिम्फ्ना.

संध्याकाळी बातम्या शेजारी मर्लकडे बघितल्या. एकटीनं बघितल्या असत्या तर टीव्ही वाचला नसता. तुझं स्वयंपाकघर, तुझी टवका उडालेली किटली, आणि कॉलिनच्या हातात केकची बशी. दुसरा तुकडा उचलत तो म्हणतो, "हे सरकार या स्पंजच्या भरवशावर तीन वर्षं टिकेल. काय हात आहे तुमचा, डिम्फ्ना." आणि तू हसलीस.

तो स्पंज माझा होता. बुधवारी तू माझ्या दारात येऊन म्हणालीस, "फिल, उद्या कुणीतरी यायचंय आणि घरात नुसती बिस्किटं आहेत." कोण यायचंय ते तू सांगितलं नाहीस. मी अर्धा कापून दिला. टीव्हीवर पॅशनफ्रूटचं आयसिंग दिसताच मर्ल म्हणाली, "अगं, हा तर तुझा." मर्लला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तुझा स्पंज कृषी प्रदर्शनात एकदाच आला होता, आणि परीक्षकबाईंनी तो चीजच्या टेबलावर पाठवला होता. हे गावात सगळ्यांना आठवतं. कॉलिनला कोण सांगणार?

सरकारला तीन जागा कमी पडल्या की अपक्षांच्या आणि चिमूटभर पक्षांच्या दारी जावं लागतं, एवढं मला कळतं. पण तू निवडून आलीस ती कुणाच्या मतांवर? पहिल्या मोजणीत तू दुसरी होतीस. आमचा जॅरड तिसरा आला आणि बाद झाला. त्याच्या मतदारांची दुसरी पसंती तुला मिळाली, म्हणून समोरच्या पक्षाचा तो मेंढ्यावाला पडला. ती पसंती झाडाला लागली नव्हती. मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकात, सॉसेजच्या धुरात उभं राहून, मत कसं द्यायचं त्याच्या चिठ्ठ्या मी वाटल्या. जॅरड एक, लेसी दोन. दुखऱ्या खुब्यावर, सकाळी आठपासून.

कॉन्व्हेंटमध्ये मे महिन्यात मेरीमातेला मुकुट चढवायचा मान सिस्टर इमेल्डानं चार वर्षं तुलाच दिला, कारण तुझे केस सोनेरी होते. अक्षराचं बक्षीस माझं, कॅटेकिझमची धर्मप्रश्नोत्तरं सगळी पाठ मला, आणि मी धरायची उशी. मुकुट त्या उशीवर ठेवलेला असायचा. तू तो उचलायचीस आणि लोक तुझे फोटो काढायचे. साठ वर्षं झाली, अजून तेच चाललं आहे.

आपल्या साप्ताहिकात दोन ओळींचा खुलासा छापून आण. स्पंज कुणाचा, एवढंच.

फिलोमिना कडमोर
शाखा सचिव (अजून)


कॅनबेरा
बुधवार, १८ जून

प्रिय फिल,

तुझं पत्र आलं तेव्हा माझ्या ऑफिसातली मुलगी म्हणाली, "हस्ताक्षर किती सुंदर आहे, लग्नाचं आमंत्रण आहे का?" मी म्हटलं, आमंत्रण आहे, पण लग्नाचं नाही.

स्पंजचं चुकलं. मी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, विमानाला उशीर होतोय, आणि खोली रिकामी झाली. बशीही रिकामी होती. त्यानं दोन नाही, तीन तुकडे खाल्ले. साप्ताहिकाच्या संपादकाला मी फोन केला. तो म्हणाला, "डिम्फ्ना, सरकार कोणाचं येणार ते सांग, पहिलं पान देतो. केकसाठी जागा नाही."

इथे काय चाललं आहे ते सांगते, म्हणजे तुला वाटणार नाही की मी मखरात बसले आहे. एका लांब बोळात आम्ही चौघं खुर्च्यांवर बसतो, मदर सुपीरिअरच्या खोलीबाहेर बसायचो तसं. मी, तस्मानियाची एक बाई, शहरातला एक अपक्ष वकील, आणि नदीखोरे पक्षाचा एकुलता एक दाढीवाला खासदार. तस्मानियाच्या बाईला बेटावर जाणारी बोट हवी आहे. दाढीवाल्याला नदीवरचे पंप हवे आहेत, आणि ते मिळेपर्यंत तो कुणाशी धड बोलत नाही. वकिलाला सगळं लेखी हवं असतं, चहासुद्धा. एका दारातून सरकारकडची माणसं येतात, दुसऱ्या दारातून समोरच्या पक्षाची. समोरच्यांनी मला फुलं पाठवली. कार्डावर माझं नाव चुकीचं लिहिलं होतं.

तुमचे लोक म्हणतात, आमच्यात या. मी म्हणते, येणार नाही. अर्थसंकल्प आणि विश्वासाचा ठराव, या दोन गोष्टींत मी सरकारबरोबर उभी राहीन. बाकी प्रत्येक विधेयक वाचून ठरवेन. हे त्यांना फार अवघड जातं. वाचून ठरवणारं माणूस त्यांनी बरेच दिवसांत पाहिलेलं नसावं.

एक विचारू? त्या दिवशी तो तुझ्याकडे थांबला असता आणि एकच गोष्ट माग म्हणाला असता, तर तू काय मागितलं असतंस?

खुबा कसा आहे? शेकतेस का?

तुझी,
डिम्फ्ना


मेरिंबूल
मंगळवार, २४ जून

डिम्फ्ना,

काय म्हणालीस? "तुमचे लोक." वीस वर्षं तूही त्याच शाखेत खुर्च्या मांडल्यास. आपल्या दवाखान्यातला वॉर्ड बंद झाला त्या आठवड्यात राजीनामा फेकून गेलीस. मी राहिले. बाबा लोकर कातरणाऱ्यांच्या युनियनमध्ये होते आणि त्यांना पक्षाच्या कार्डासकट पुरलं. माणूस घर गळायला लागलं म्हणून घर सोडत नाही. पण आता दिसतंय की घर सोडून अंगणात उभं राहिलं की घरमालक स्वतः छत्री घेऊन येतो. माझीच छत्री असेल बहुधा.

मी रविवारी तुला फोन केला होता. ती मुलगी म्हणाली, "कोणत्या संदर्भात?" मी म्हटलं, "अडुसष्ट वर्षांच्या ओळखीच्या संदर्भात." ती म्हणाली, "मी नोंद घेते." म्हणून यापुढे पत्रच.

तुझा प्रश्न मला कळला. तू मला खिजवते आहेस. ठीक आहे, उत्तर ऐक. मी काही मागितलं नसतं. मी आधी चहा ओतला असता. मग म्हणाले असते, कॉलिन, बाळंतपणाचा वॉर्ड उघड. त्या वॉर्डची मी मेट्रन होते. तो बंद झाला तेव्हा शेवटचा दिवा मी मालवला. तेव्हापासून पोरींना कळा सुरू झाल्या की तीन तासांचा रस्ता, आणि संध्याकाळनंतर रस्त्यावर कांगारू. बेकरीवाल्याची सून धान्याच्या कोठारापाशी गाडीतच बाळंत झाली. दोघी वाचल्या. पोरीचं नाव त्यांनी कोठारावरून ठेवलं नाही, हेच नशीब. आपल्या पक्षाचे तीन आरोग्यमंत्री झाले, तिघांना मी लिहिलं. तिघांनी आभार मानले. वॉर्ड विचाराधीन आहे म्हणे. त्या वॉर्डात आता जुन्या खाटा आणि नाताळची सजावट ठेवतात.

एवढं मागितलं असतं. मागायला मिळालं नाही, कारण तो पुढे गेला, मोहरी रंगाचे पडदे बघत.

खुबा माझा आहे. त्याची चौकशी नको.

फिलोमिना


कॅनबेरा
शनिवार, २८ जून

फिल,

घाईत आहे. आत्ता काहीही सांगू शकत नाही, वकील माझ्या शेजारी बसला आहे. फक्त एवढंच कर. सोमवारी संध्याकाळी बातम्या बघ. मर्लकडे बघ. आणि आधी जेवून घे.

डिम्फ्ना


मेरिंबूल
गुरुवार, ३ जुलै

डिम्फ्ना,

बघितल्या. जेवून बघितल्या.

तू त्या मोठ्या टेबलामागे बसली होतीस, गळ्यात तुझ्या प्रचाराचा तोच मोहरी रंगाचा स्कार्फ. कॉलिननं सही केली, तू सही केलीस, आणि मग तू कागद न बघता बोललीस. "मेरिंबूलच्या पोरींना कळा सुरू झाल्या की तीन तासांचा रस्ता आणि संध्याकाळनंतर कांगारू." मर्ल माझ्याकडे बघायला लागली. मी टीव्हीकडेच बघत राहिले. आधी स्पंज, आता कांगारू. माझ्या घरातून आणखी काय काय नेणार आहेस तेवढं सांग, म्हणजे बांधून ठेवते.

गाव वेडं झालं आहे. हॉटेलात सोमवारी रात्री बेकरीवाला काउंटरवर डोकं ठेवून रडला. खाटिकाच्या दुकानात तुझा फोटो लागला आहे, डुकराच्या मांडीच्या वर. मला तिथे एक बाई म्हणाली, "मिस कडमोर, तुम्हाला किती आनंद झाला असेल." मी म्हटलं, "हो." मला आनंद झाला. ही ओळ मी कच्च्या कागदावर तीनदा लिहून बघितली. दोनदा ती खोटी वाटली, तिसऱ्यांदा थोडी खरी वाटली, म्हणून इथे उतरवली.

आता दुसरी गोष्ट ऐक. मी एकतीस वर्षं त्यांच्यासाठी दारोदार फिरले. लॉटरीची तिकिटं विकली, सॉसेज भाजले, हरणाऱ्या उमेदवारांना घरी ठेवून घेतलं. त्यांनी मला वॉर्ड दिला नाही, कारण द्यायची गरज नव्हती. मी कुठे जाणार होते? तू मात्र उठून गेलीस, आणि गेलीस म्हणून त्यांना तुझ्या मागे यावं लागलं. मी राहिले म्हणूनच वॉर्ड बंद राहिला का, असं मला सोमवारी रात्री वाटलं. झोप लागली नाही. निष्ठावंतांना नाताळचं कार्ड आणि बाहेरच्यांना वॉर्ड, अशानं शाखेत कुणी कशाला राहावं? कॉलिनला हे विचार. माझं नाव सांगू नकोस. नाही, सांग.

करार छापून आला आहे, तो मी वाचला. वॉर्ड, नर्सेस, रस्त्याचं रुंदीकरण, ठीक. आणि शेवटी बारीक अक्षरात काय? "खाजगी कारणासाठी सदस्यांना एक दिवस जोडी मिळेल. तारीख सदस्य कळवतील." जोडी म्हणजे काय हे मी शाखेतल्या नव्या लोकांना दर वर्षी शिकवते. आपला एक माणूस मतदानाला येऊ शकत नसेल तर समोरचे सौजन्य म्हणून त्यांचाही एक बाहेर बसवतात. ती आजारपणासाठी असते, मयतीसाठी असते. तू अपक्ष, तुला समोरचं कुणी बांधील नाही, म्हणून करारात लिहून घेतलीस. कशासाठी? तुझ्या मुलाच्या घरी, नूसाच्या समुद्रावर. ऑगस्टमध्ये तिथे देवमासे येतात, तू दर वर्षी जातेस आणि मला कार्ड पाठवतेस.

एका हातानं वॉर्ड मागितलास, दुसऱ्या हातानं सुट्टी. देशाचं सरकार एका मतावर तरंगतंय आणि आमच्या खासदारबाई देवमासे मोजायला जाणार. मर्ल म्हणाली, "तसं नसेल गं." मर्लला नेहमीच सगळ्यांचं चांगलं दिसतं. डोळेच तसे आहेत तिचे.

कारण कळव. लेखी.

फिलोमिना


कॅनबेरा
शनिवार, ९ ऑगस्ट

फिल,

तुझ्या पत्राला पाच आठवडे उत्तर दिलं नाही. तू रागावून बसली असशील. उत्तर दिलं असतं तर खोटं बोलावं लागलं असतं, आणि आपल्या दोघींत खोटं मी कधीच नीट बोलू शकलेली नाही.

देवमाशांसाठी नाही. तुझ्या खुब्यासाठी.

निवडणुकीच्या आठवड्यातच मर्लनं मला सांगितलं होतं. तुझं ऑपरेशन वीस ऑगस्टला, मेलबर्नला, सकाळी. दवाखान्यातून फोन आला आणि "तुमच्या जवळचं माणूस कोण" असं विचारलं तेव्हा तू मर्लचं नाव दिलंस. मर्ल बिचारी रडत माझ्याकडे आली. "डिम्फ्ना, मला पुढची पायरी दिसत नाही, मी हिला मेलबर्नहून परत कशी आणू?" तू घातलेली शपथ तिनं मोडली, तिला बोलू नकोस. करारात तारीख मुद्दाम घातली नाही. ती वाचली असतीस तर तू ऑपरेशनच रद्द करून टाकलं असतंस, माझ्यावर उपकार नकोत म्हणून.

आणि स्पंजचं. मी तुला लिहिलं की मी तोंड उघडलं होतं. उघडलं नव्हतं. मला पुष्कळ वेळ होता. फिल, वीस वर्षं तो गावात आला की स्टेजवर त्याच्या शेजारी तू बसायचीस, आणि मी मागे खुर्च्या मांडायची. मला वाटलं, स्पंज तुझा आहे असं सांगितलं तर तो म्हणेल, "अरे, फिलोमिना इथेच राहते का?" आणि उठून तुझ्याकडे जाईल. एक दुपार मला ती माझ्याचकडे हवी होती. उशी काय तूच धरलीस असं समजू नकोस.

आता वाईट बातमी. वॉर्डचे पैसे ज्या विधेयकात आहेत त्याचं मतदान वीस तारखेलाच आहे, बुधवारी सकाळी. आणि काल समोरच्या पक्षानं सगळ्या जोड्या काढून घेतल्या. आमचा करार सरकारशी होता, त्यांच्याशी नव्हता. ते म्हणतात, सौजन्य संपलं. सरकारचा एक माणूस हृदयाच्या ऑपरेशननंतर घरी पडून आहे, त्याचीही जोडी गेली. दाढीवाल्याचे पंप पुढच्या वर्षावर ढकलले, म्हणून तो विरोधात मत देणार आहे. वकिलानं तीन वेळा मोजलं. मी सभागृहात असेन तर विधेयक एका मतानं पास होतं. नसेन तर पडतं. पैशाचं विधेयक पडलं की सरकार पडलं, आणि वॉर्ड त्याच्याबरोबर.

काल कॉलिन स्वतः माझ्या खोलीत आला. "डिम्फ्ना, तारीख बदलता येणार नाही का?" मी म्हटलं, "दोन वर्षं रांगेत थांबून मिळालेली तारीख आहे. तुम्ही तुमची बदला." तो म्हणाला, महिनाअखेर पैसे संपतात, बदलता येत नाही.

मी मंगळवारच्या संध्याकाळच्या विमानाचं तिकीट काढलं आहे. तू शुद्धीवर येशील तेव्हा मी खुर्चीवर असेन. सरकारं येतात आणि जातात. तुझी आई, माझी मावशी, गेली तेव्हा तिनं माझा हात धरून तुझं नाव घेतलं होतं. मला दुसरी बहीण नाही, तुलाही नाही.

तुझी,
डिम्फ्ना


मेरिंबूल
बुधवार, १३ ऑगस्ट

डिम्फ्ना,

तुझं पत्र मी फाटकातच उघडलं आणि उभ्यानंच वाचलं. मग आत जाऊन बसून वाचलं. मग मर्लला वाचून दाखवलं, तिच्या वाट्याचा भाग वगळून.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, हे तुला कळायला हवं. एका बाजूला पंतप्रधान, अख्खं पार्लमेंट, तुझी ती नोंद घेणारी मुलगी, मोहरी स्कार्फवालं अख्खं गाव, आणि दुसऱ्या बाजूला माझा खुबा, आणि तू खुबा घेतलास. आजवर मला सगळ्यांनी दुसऱ्या नंबरवर लिहिलं. तू एक लिहिलंस. तो कागद मी उशाखाली ठेवला, आईच्या जपमाळेजवळ. तिथे तो राहील.

आता ऐक. तू येणार नाहीस.

बेकरीवाल्याची सून पुन्हा गरोदर आहे. शनिवारी ती मला पोस्टाबाहेर भेटली. पोटावर हात ठेवून म्हणाली, "मिस कडमोर, या खेपेला इथेच ना?" मी मेट्रनच्या आवाजात म्हटलं, "इथेच." मी तिला शब्द दिला आहे. तो शब्द तू विमानात बसून मोडायचा नाहीस. मी नऊ वर्षं तीन मंत्र्यांना पत्रं लिहिली ती काय भूल उतरताना तुझं तोंड बघायला? तू दवाखान्यात आलीस तर मी सिस्टरला सांगेन की ही बाई कोण ते मला माहीत नाही. मी मेट्रन होते, माझं ऐकतात.

माझ्याजवळ मर्लची लेक ग्वेन बसेल. ती मेलबर्नला ट्राम चालवते, तिनं रजा टाकली आहे. ती फार बोलते, पण पहिले दोन तास मी बेशुद्ध असणार आहे. जवळचं माणूस म्हणून मात्र मी काल दवाखान्यात तुझं नाव घातलं. मर्लचं खोडून. त्यांनी विचारलं, "त्या कुठे असतील?" मी म्हटलं, "सभागृहात. फोन उचलणार नाहीत. त्यांना त्या दिवशी काम आहे."

कॉलिनला सांग की ती तारीख माझी होती, तर त्यानं निदान छत्री पाठवावी. समोरच्यांच्या त्या मेंढ्यावाल्याला मी शाखेच्या नाही, स्वतःच्या कागदावर एक पत्र लिहिलं आहे. आता तो खासदार नाही, पण त्यांच्या पक्षाचा जिल्हाध्यक्ष आहे, आणि आजारी माणसाची जोडी मोडणाऱ्या पक्षाबद्दल त्याची आई काय म्हणाली असती ते मला ठाऊक आहे. तिची चारही बाळंतपणं माझ्या हातची. उपयोग होणार नाही, पण त्याला एक रात्र झोप लागू नये.

वीस तारखेला सकाळी मतदानाची घंटा वाजली की तू आपल्या जागेवर बसायचंस. मुकुट उचल आणि चढव. उशी या वेळी मी धरणार नाही, ती मला डोक्याखाली लागणार आहे.

आणि उशी तूही धरलीस म्हणतेस. खुर्च्या मांडणं आणि उशी धरणं एकच नाही, पण त्यावर मी घरी आल्यावर बोलू. तू केलेला चहा पीत, बाहेरून आणलेल्या बिस्किटांबरोबर.

एक बाकी आहे. मतदानाआधी तुला विधेयकावर बोलायला मिळेल. कार्यवृत्तात शब्दन् शब्द उतरतो आणि तो कुणाला खोडता येत नाही, अगदी पंतप्रधानांनासुद्धा. तिथे उभं राहून, कॉलिन समोर बसलेला असताना, तू म्हणायचं आहेस की १२ जून रोजी तुझ्या घरी पंतप्रधानांनी खाल्लेला पॅशनफ्रूटचा स्पंज मेरिंबूलच्या मिस फिलोमिना कडमोर यांनी केलेला होता, आणि तो वॉर्डही त्यांनीच मागितलेला आहे. त्या क्रमानं. आधी स्पंज.

तू मतदानाला थांबणार आहेस आणि हे वाक्य म्हणणार आहेस, या दोन्ही गोष्टी मला स्वतःच्या अक्षरात लिहून हव्या आहेत. फोन नको, त्या मुलीकडून निरोप नको. मंगळवारी सकाळी ग्वेन मला घ्यायला येते. तुझं पत्र सोमवार, १८ ऑगस्ट, संध्याकाळी पाच वाजता आपलं पोस्ट बंद व्हायच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे.

फिलोमिना